जॉन कॉनरच्या मरणाचा हिशेब

मित्रहो, 1984 साली सुरू झालेल्या 'टर्मिनेटर' मालिकेत 2019 पर्यंत सहा सिनेमे आले. त्यातला शेवटचा, 'टर्मिनेटर : डार्क फेट', हा आजचा विषय. सहांपैकी सगळ्यात वाईट सिनेमा हा नाही, हे आधीच सांगून टाकते. तिसरा, चौथा आणि पाचवा भाग पाहिलेल्या कुणालाही हे मान्य होईल. पण माझ्या मते सगळ्यात मोठा अपेक्षाभंग याच सिनेमाने केला, कारण याच्या हाती जे होतं ते मधल्या तिघांच्या हाती नव्हतंच. जेम्स कॅमेरॉन निर्माता म्हणून आणि कथालेखकांपैकी एक म्हणून परतला होता. लिंडा हॅमिल्टन 28 वर्षांनी सारा कॉनर म्हणून पडद्यावर उभी राहिली होती. मधले तीन सिनेमे घडलेच नाहीत असं धरून, थेट 1991 च्या 'टर्मिनेटर 2'च्या पुढे गोष्ट नेण्याची मोकळीक होती. आणि कथेत एक कल्पना अशी होती की तेवढ्या एकीवर मोठा सिनेमा उभा राहिला असता. ती वाया कशी गेली, हे मला आज सविस्तर सांगायचं आहे. त्यासाठी कथानक शेवटपर्यंत उघड करावं लागेल.

सुरुवात पहिल्या सिनेमापासून करू. 64 लाख डॉलरमध्ये बनलेला, बराचसा लॉस एंजेलिसच्या रात्रींत चित्रित झालेला हा सिनेमा. भविष्यातून टर्मिनेटर नावाचं एक यंत्र येतं आणि सारा नावाच्या साध्या वेट्रेसला मारायला निघतं, कारण तिच्या पोटी जन्मणारा मुलगा, जॉन, पुढे यंत्रांविरुद्धच्या लढ्याचा नेता होणार आहे. तिला वाचवायला काइल रीस नावाचा सैनिक येतो, आणि तोच त्या मुलाचा बाप ठरतो. म्हणजे यंत्राने जॉनला पुसून टाकायचा डाव रचला नसता, तर जॉन जन्मलाच नसता. पाश पूर्ण आवळलेला आहे. रीस भविष्यातून ज्या फोटोकडे बघत साराच्या प्रेमात पडला, तो फोटो सिनेमाच्या अखेरीस, एका पेट्रोल पंपावर, आपल्या डोळ्यांदेखत काढला जातो. जे व्हायचं ते होणारच, असा या सिनेमाचा कायदा आहे.

सात वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागाने हा कायदा उलटवला. माझा आजचा सगळा युक्तिवाद याच गोष्टीवर उभा आहे. 'टर्मिनेटर 2' हासुद्धा सीक्वेलच होता, आणि आधीच्या सिनेमाचं म्हणणं खोडून काढणारा सीक्वेल होता. नियती ठरलेली नाही, ती आपण घडवतो, असं तो म्हणाला. मग त्याच्यावर कुणी का चिडलं नाही? कारण ते वाक्य उच्चारायचा हक्क त्याने 137 मिनिटं राबून मिळवला.

माइल्स डायसनच्या घरचा तो प्रसंग आठवा. डायसन हा संशोधक. त्याच्या कामातून पुढे स्कायनेट नावाची यंत्रबुद्धी जन्मणार आहे आणि माणसांचा संहार होणार आहे. सारा त्याला मारायला जाते. अंधारात, दुरून, बंदुकीचा लाल ठिपका त्याच्या पाठीवर. नेमक्या त्या क्षणी त्याच्या मुलाची खेळण्यातली गाडी पायाला लागते म्हणून तो वाकतो आणि गोळी हुकते. मग सारा घरात शिरते, जखमी डायसनच्या कपाळावर पिस्तूल रोखते, त्याचा मुलगा त्याला बिलगून रडतो, आणि तिच्याच्याने चाप ओढवत नाही. ती भिंतीला टेकून खाली कोसळते. ज्या यंत्राने तिच्या आयुष्याची राख केली, त्याच यंत्रासारखी ती आता वागायला निघाली होती : घरात घुसायचं, नाव विचारायचं, ठार करायचं. हे तिला कळतं आणि आपल्याला कळतं, आणि त्या कळण्याला सिनेमा पुरेसा वेळ देतो. पुढे डायसन स्वतःचं सगळं काम जाळायला तयार होतो आणि त्यात जीव गमावतो. शेवटी, या वेळी जॉनच्या रक्षणासाठी आलेलं यंत्र, ज्याला तो बापासारखा मानू लागला होता, वितळलेल्या पोलादात उतरतं. जॉन त्याला जाऊ नकोस म्हणून हुकूम सोडतो आणि ते हुकूम मोडतं. नियती बदलते, पण त्यासाठी एवढं सगळं द्यावं लागतं.

या सिनेमाचा शेवट कॅमेरॉनने आधी वेगळा केला होता. 2029 सालची एक बाग, म्हातारी सारा, सिनेटर झालेला जॉन, सगळीकडे शांतता. तो शेवट काढून टाकला गेला. त्याजागी रात्रीचा रस्ता आला, गाडीच्या दिव्यांपुढे पळणारा, आणि त्यावर साराचा आवाज. पुढे काय आहे ते माहीत नाही, पण आज पहिल्यांदाच मी आशेने पुढे बघते आहे, असं ती सांगते. आणि मग कारण देते : माणसाच्या जिवाचं मोल एका यंत्राला कळू शकलं, तर कदाचित आपल्यालाही कळेल. हे वाक्य लक्षात ठेवा. 'डार्क फेट'मधली ती मोठी कल्पना याच वाक्यातून उगवलेली आहे.

मधल्या तीन सिनेमांवर फार वेळ घालवत नाही. 2003 च्या तिसऱ्या भागाने सांगितलं की संहार टळला नव्हता, फक्त लांबला होता. त्याचा शेवट मात्र धीट आहे. जॉन ज्या बंकरमध्ये पोचतो तिथे स्कायनेटचं केंद्र नसतंच, फक्त जिवंत राहण्याची सोय असते आणि बाहेर अणुबॉम्ब पडत असतात. 2009 च्या 'साल्वेशन'ने भविष्यातलं युद्ध दाखवलं आणि त्यातली भीती घालवली. 2015 च्या 'जेनिसिस'ने जॉनलाच यंत्र करून टाकलं, आणि ही कथानकातली सगळ्यात मोठी कलाटणी खुद्द त्याच्या ट्रेलरमध्ये दाखवून टाकली.

या तिन्हींच्या मागे हक्कांची खरेदी-विक्री आहे. पहिला सिनेमा दिग्दर्शित करायला मिळावा म्हणून कॅमेरॉनने पटकथेचे हक्क निर्माती गेल अ‍ॅन हर्डला एका डॉलरला दिले होते. पुढे ते या कंपनीकडून त्या कंपनीकडे गेले. 'साल्वेशन' काढणारी कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली. प्रत्येक नव्या मालकाला नवी मालिका हवी होती. म्हणून 'साल्वेशन' हा तीन सिनेमांपैकी पहिला म्हणून योजला गेला, 'जेनिसिस'ही तसाच, आणि 'डार्क फेट'ही तसाच. तिन्ही वेळा पहिल्यावरच गाडी थांबली. याचा परिणाम पटकथेवर कसा होतो ते बघा. 'जेनिसिस'मध्ये लहानग्या साराच्या रक्षणासाठी यंत्र पाठवलं कुणी, याचं उत्तर मिळत नाही. ते पुढच्या भागासाठी राखून ठेवलं होतं आणि पुढचा भाग आलाच नाही. पुढचं पुढे बघू या भरवशावर लिहिलेल्या गोष्टीत आजचा प्रसंग कधीच पुरता पेटत नाही. 'डार्क फेट'मध्ये हा दोष थोडा कमी आहे, पण आहेच.

आता त्या सिनेमाकडे वळू. वर्ष 1998. ग्वातेमालातला समुद्रकिनारा. संहाराची तारीख, 29 ऑगस्ट 1997, काही न होता उलटून गेली आहे. सारा आणि जॉन एका टपरीवजा जागेत बसले आहेत. आणि चालत एक टर्मिनेटर येतो, पहिल्या दोन भागांत यंत्र झालेल्या आर्नोल्ड श्वार्झनेगरच्याच चेहऱ्याचा, स्कायनेट अस्तित्वात असताना भूतकाळात पाठवलेल्या अनेकांपैकी एक. पाठवणारा आता कुठल्याच काळात नाही, पण पाठवलेला आपलं काम विसरलेला नाही. तो जॉनला गोळ्या घालतो आणि निघून जातो. दुसऱ्या भागात जॉन झालेल्या एडवर्ड फर्लाँगचा बालपणीचा चेहरा संगणकावर पुन्हा घडवून केलेला हा प्रसंग काही मिनिटांत आटोपतो.

बऱ्याच चाहत्यांचा राग इथेच आहे. ज्या मुलासाठी दोन सिनेमे जीव टांगणीला लावून पाहिले, त्याला असं उडवून लावलं! मला तो राग समजतो, पण माझा आक्षेप वेगळा आहे. जॉनला मारणं ही या सिनेमातली सगळ्यात निर्भीड गोष्ट आहे. एकदा नीट विचार करा : आज्ञा देणारी सत्ता नाहीशी झाली, युद्ध होणार नाही हे ठरलं, आणि तरी एका आईचा मुलगा अशा आज्ञेपायी मेला जिला आता कसलाच अर्थ उरलेला नाही. यापेक्षा क्रूर कल्पना या मालिकेत दुसरी नाही. आक्षेप इतकाच, की सिनेमा मुलाला मारतो आणि मग त्याचं सुतक पाळत नाही.

अशीच गोष्ट आधी एका दुसऱ्या मालिकेत घडली होती. 1986 च्या 'एलियन्स'मध्ये, तोही कॅमेरॉनचाच, परग्रहावरच्या जीवघेण्या प्राण्यांशी झुंजणाऱ्या रिप्लीने न्यूट नावाच्या मुलीला मृत्यूच्या दाढेतून ओढून आणलं. 1992 च्या 'एलियन 3'ने सुरुवातीलाच न्यूटला मारून टाकलं. यान कोसळलं आणि झोपेतच ती बुडाली. कॅमेरॉनने या निर्णयावर पुढे जाहीर टीका केली. दिग्दर्शक डेव्हिड फिंचरचा तो पहिलाच सिनेमा. पुरी पटकथा हाती नसताना चित्रीकरण सुरू झालेलं, स्टुडिओशी सतत ओढाताण, आणि पुढे फिंचरने त्या सिनेमापासून स्वतःला तोडूनच घेतलं. सिनेमा अनेक ठिकाणी लंगडतो. पण न्यूटच्या मरणाचं ओझं तो खरोखर उचलतो. रिप्ली त्या चिमुकल्या देहाचं शवविच्छेदन करायला लावते, कारण तिला खात्री करून घ्यायची आहे की आत तो परग्रहावरचा प्राणी नाही. हत्यारांचे आवाज आपण ऐकतो, आणि रिप्ली झालेल्या सिगोर्नी वीव्हरच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलत नाही. मग भट्टीत अंत्यविधी होतो, एक कैदी चार शब्द बोलतो, आणि त्याच वेळी दुसरीकडे तो नवा प्राणी जन्म घेतो. पुढचा सगळा सिनेमा शोक करणाऱ्या बाईचा सिनेमा आहे. तुम्हाला तो आवडो न आवडो, त्याने मारलेल्या मुलीकडे पाठ फिरवली नाही.

'डार्क फेट' 2020 सालात उडी मारतो. मेक्सिको सिटीतली दानी रामोस मोटारींच्या कारखान्यात काम करते. तिला मारायला नवं यंत्र येतं, तिला वाचवायला ग्रेस नावाची सैनिक बाई येते, जिचं शरीर यंत्राची जोड देऊन बळकट केलेलं आहे. पाठलाग सुरू. हायवेवर दोघींचा शेवट आला असं वाटत असताना एक गाडी येऊन थांबते आणि सारा कॉनर उतरते.

लिंडा हॅमिल्टनबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. साठीतली ही बाई पडद्यावर येते आणि आजूबाजूची सगळी मोडतोड खोटी वाटू लागते, इतकी ती खरी आहे. तिच्या हालचालीत वय दिसतं आणि ते लपवायचा प्रयत्न नाही. सारा सांगते की ती टर्मिनेटर शोधून मारते आणि उरलेल्या वेळात शुद्ध हरपेपर्यंत पिते. एका ठिकाणी ती सांगते की तिच्याकडे जॉनचा एकही फोटो नाही. यंत्रांच्या हाती लागू नये म्हणून तिने फोटो काढूच दिले नव्हते, आणि आता त्याचा चेहरा ती विसरू लागली आहे. मघाशी सांगितलेला पहिल्या सिनेमातला फोटो आठवतोय ना? एका फोटोमुळे एक माणूस काळ ओलांडून आला आणि जॉन जन्मला. आणि त्याच जॉनचा फोटो त्याच्या आईकडे नाही. हे लिहिणाऱ्याला मालिकेचं मर्म कळलेलं होतं. पण हा संवाद जेमतेम मिनिटभर चालतो. पुढे लगेच धावपळ.

आणि आता ती कल्पना. साराला बरीच वर्षं कुणीतरी निनावी संदेश पाठवत आलं आहे. पुढचा टर्मिनेटर कुठे आणि कधी उतरणार याची जागा, वेळ, आणि शेवटी दोन शब्द : 'जॉनसाठी'. पाठवणाऱ्याचा माग काढत त्या तिघी टेक्सासमधल्या एका घरी पोचतात आणि दार उघडतं ते जॉनला मारणारं यंत्र. काम संपल्यावर त्याला पुढे आज्ञाच नव्हती. ते माणसांत राहिलं, कार्ल हे नाव घेतलं, नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या एका बाईला आणि तिच्या लेकराला आधार दिला, पडदे विकण्याचा धंदा टाकला. त्या मुलाला वाढताना बघता बघता त्याला उमगलं की आपण सारापासून काय हिरावून घेतलं. तिच्या दुःखाला काहीतरी वाट मिळावी म्हणून ते तिला संदेश पाठवू लागलं.

दुसऱ्या भागाचं ते शेवटचं वाक्य इथे आठवून बघा. यंत्राला जिवाचं मोल कळू शकलं तर आपल्यालाही कळेल, या विश्वासावर सारा पुढे निघाली होती. आणि यंत्राला ते मोल खरोखर कळलं, पण तिचाच मुलगा मारल्यानंतर. तिने जी आशा जगापुढे बोलून दाखवली होती, ती खरी ठरली आणि मुलाचा मारेकरी होऊन समोर उभी राहिली. अशा आशेचं माणूस काय करेल? क्षमा करेल? पश्चात्ताप झालेल्या यंत्राला शिक्षा देता येते का? त्याने जे संदेश पाठवले त्यांच्यावर ती इतकी वर्षं जगली, म्हणजे तिचं उरलेलं आयुष्य त्यानेच चालवलं, हे ती कसं गिळेल? हा प्रसंग म्हणजे अख्खा सिनेमा आहे. एक घर, एक आई, एक मारेकरी, आणि बाहेरून चालून येणारा दुसरा मारेकरी.

प्रत्यक्षात काय मिळतं? सारा गोळी झाडायला जाते, बाकीच्या तिला आवरतात, ती बाहेर निघून जाते. मग कार्ल पडद्यांबद्दल बोलतो. लहान मुलीच्या खोलीला कुठले पडदे शोभतील याबद्दल. श्वार्झनेगर हे सगळं अतिशय गंभीर चेहऱ्याने करतो आणि छान करतो, प्रेक्षक हसतात, आणि त्या हसण्यात साराची जखम बुजून जाते. ज्या बाईला कार्लने बायको म्हणून जवळ केलं, तिला तो कोण आहे हे माहीत नाही. तिच्याशी होणारा निरोपही आपल्याला जवळून अनुभवता येत नाही. थोड्याच वेळात सगळे एका गाडीत बसून लढायला निघतात. शेवटी कार्ल 'जॉनसाठी' म्हणत नव्या यंत्रासकट स्वतःला संपवतो. त्या दोन शब्दांनी माझ्या काळजाला हात घालायला हवा होता. नाही घातला, कारण त्या दोघांमध्ये जे बोलणं व्हायला हवं होतं ते झालंच नव्हतं.

दुसरी चूक याहून खोल आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. ग्रेस ज्या भविष्यातून आली तिथे स्कायनेट नाही. ते कधीच घडलं नाही, सारा जिंकली. तिथे 'लीजन' आहे, सायबरयुद्धासाठी बनवलेली दुसरी यंत्रबुद्धी, तिनेही माणसांवर हल्ला केला, तीही माणसं मारणारी यंत्रं भूतकाळात पाठवते. हे ऐकल्यावर सारा एक शिवी हासडते : हे कधी शिकणारच नाहीत. बस्स. एवढ्यावर विषय संपतो.

पण हे किती भयंकर विधान आहे! एक सर्वनाश टाळला तर माणूस दुसरा तयार करतो. नाव बदलतं, बाकी तेच. नियती आपण घडवतो, हे खरंच. आणि दरवेळी आपण हीच घडवतो. दुसऱ्या सिनेमाला इतकं काळं उत्तर देण्याची संधी समोर होती, आणि मी ते उत्तर ऐकून घेतलं असतं. पटलं नसतं तरी ऐकलं असतं. मात्र ते उत्तर द्यायचं तर त्यासाठीही राबावं लागतं. दुसऱ्या भागाने पहिल्याचा कायदा मोडला तेव्हा डायसनच्या घरी जाऊन मोडला. इथे लीजनचा डायसन कोण? तो काय विचार करून ते यंत्र बनवतो आहे? त्याचं घर कुठे आहे? सिनेमाला याची काडीचीही उत्सुकता नाही. संपूर्ण सिनेमात लीजन बनूच नये म्हणून कुणी एक पाऊलही उचलत नाही. सगळ्यांचं ध्येय एकच, समोरचं यंत्र मारणं आणि दानीला पुढच्या लढाईसाठी तयार करणं. जिने एकदा जगाचा शेवट थांबवला ती सारासुद्धा आता तो थांबवता येईल का, असं विचारत नाही. इतकी थकली असेल, तर तो थकवा तरी दाखवा.

आणि गंमत बघा, उत्तराचं बी सिनेमातच पेरलेलं आहे. सुरुवातीला दानी आणि तिचा भाऊ कारखान्यात पोचतात तेव्हा भावाच्या जागी रोबॉटचा हात बसवलेला असतो. त्याचं काम गेलेलं आहे. दानी त्याच्यासाठी साहेबाशी भांडायला निघते. यंत्र माणसाची जागा घेतं, ते कुणाच्या तरी कागदोपत्री निर्णयाने, कुणाच्या तरी फायद्यासाठी, आणि त्या वेळी कुणाला ते युद्ध वाटत नाही. लीजनचा जन्म इथूनच दाखवता आला असता. पण भाऊ लवकरच मरतो, बाप त्याआधीच मारला गेलेला असतो, आणि कारखाना पुन्हा पडद्यावर येत नाही. दानीच्या वाट्याला स्वतःच्या माणसांसाठी रडायला काही क्षण मिळतात. जॉनचं सुतक नाही, भावाचं नाही, बापाचं नाही.

काही गोष्टी चांगल्या आहेत आणि त्या सांगायला हव्यात. सारा दानीला आपल्यासारखी समजत असते, पुढच्या नेत्याची आई होणारी मुलगी. मग कळतं की नेता दानी स्वतःच आहे. ही कलाटणी मला फार आवडते, कारण ती पहिल्या सिनेमाच्याच मांडणीला प्रश्न विचारते : बाईचं मोल तिच्या पोटी कोण जन्मेल यावर का ठरावं? मॅकेन्झी डेव्हिसची ग्रेसही जिवंत आहे. तिचं शरीर थोडा वेळ अफाट ताकद देतं आणि मग औषधाविना कोसळतं, त्यामुळे तिच्या प्रत्येक झुंजीत एक धाकधूक राहते.

हीच धाकधूक खलनायकाबाबत नाही. दुसऱ्या भागातलं द्रवधातूचं यंत्र आजही भीती घालतं ते त्याच्या मर्यादांमुळे. त्याला सुरे, भाले, असे साधे टोकदार आकार घेता येतात, बॉम्ब किंवा बंदूक होता येत नाही, स्पर्श केलेल्या माणसाचं किंवा तेवढ्याच आकाराच्या वस्तूचंच रूप घेता येतं. हे नियम आपल्याला आधीच सांगितलेले असतात. संगणकावर घडवलेली दृश्यंही त्या सिनेमात थोडीच आहेत, बाकी सगळं ते यंत्र झालेल्या रॉबर्ट पॅट्रिकच्या धाप न लागणाऱ्या धावण्यावर आणि स्टॅन विन्स्टनच्या कार्यशाळेतल्या हातकामावर उभं आहे. 'डार्क फेट'मधलं यंत्र दुभंगून दोन होतं, सांगाडा वेगळा आणि त्यावरचं द्रव कातडं वेगळं. कल्पना झकास. पण ते कशाने थांबतं, कशाने थांबत नाही, हे कळत नाही, म्हणून प्रत्येक मारामारी लेखकाला वाटेल तेव्हा संपते. विमानातली आणि पाण्याखालची लढत तर इतकी काळोखी आहे की कोण कुठे पडलं हे शोधावं लागतं.

कथेवर पाच जणांची नावं आहेत आणि पटकथेवर तिघांची. दिग्दर्शक टिम मिलर आणि कॅमेरॉन यांच्यात संकलनावरून मतभेद झाले, हे दोघांनीही पुढे जाहीरपणे सांगितलं. पाहताना ते जाणवतं. एका सिनेमाला साराचं दुःख सांगायचं आहे, दुसऱ्याला दानीची नवी मालिका उभी करायची आहे, तिसऱ्याला जुन्या चाहत्यांना ओळखीच्या खुणा द्यायच्या आहेत. सुमारे साडेअठरा ते साडेएकोणीस कोटी डॉलर खर्चून बनलेल्या या सिनेमाने जगभरात साधारण 26 कोटी मिळवले. चित्रपटगृहांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च धरला तर हा मोठा तोटा आहे. पुढचे भाग बासनात गेले.

[या टप्प्यावर सभागृहातून एक प्रश्न आला : "मग दुसऱ्या भागानंतर ही मालिका थांबायलाच हवी होती, असं तुमचं म्हणणं आहे का?"]

नाही, तसं मी म्हणणार नाही. दुसरा भाग संपला तिथे गोष्ट पुरी झाली होती हे खरं. पण पहिला संपला तेव्हाही ती पुरीच झाली होती, आणि तिथेच कुणी हात आखडता घेतला असता तर आपल्याला डायसनच्या घरचा तो प्रसंग मिळाला नसता. पुरी झालेली गोष्ट पुन्हा उघडायला माझी हरकत नाही. उघडणाऱ्याने आधीच्यांनी मोजलेल्या किमतीकडे बघावं, आणि तेवढीच आपण मोजू शकतो का हे स्वतःला विचारावं, एवढीच मागणी आहे. जॉनला मारा, पण मग सिनेमा जॉनच्या आईचा करा. लीजन आणा, पण मग ते आणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघा.

माझ्या मनात जो सिनेमा आहे तो कार्लच्या दारातच सुरू होतो. सारा तिथे पोचते, दार उघडतं. त्या रात्री ती त्याच घरात राहते, कारण बाहेर दुसरं यंत्र फिरतं आहे आणि जायला जागा नाही. त्याची बायको तिला जेवायला वाढते. तो मुलगा, जो जॉन गेला तेव्हा तान्हा असेल, तिच्यासमोर बसून बापाबद्दल अभिमानाने बोलतो. सारा त्याला खरं सांगेल का? आणि कार्ल, ज्याची स्मृती यंत्राची आहे, ज्याच्यात काहीच पुसट होत नाही, त्याच्यापाशी जॉनचा चेहरा जसाच्या तसा आहे. ज्या एका क्षणी त्याने जॉनला पाहिलं, तो क्षण. साराकडे फोटो नाही, ती चेहरा विसरते आहे, आणि जगात तो चेहरा अचूक आठवणारा फक्त हा एक आहे. हे दोन्ही धागे त्याच सिनेमात आहेत, एकमेकांपासून फार लांबही नाहीत. कुणीतरी ते जुळवायला हवे होते. तिने त्याला विचारायला हवं होतं की माझा मुलगा कसा दिसायचा, आणि त्याने तिला सांगायला हवं होतं.